वारा आग लावीत नाही

कोकणीत आपण म्हणतो, 'रानाक उजो लागलो'. मराठीत म्हणतो, 'वणवा लागला'. दोन्ही भाषांतून कर्ता नाहीसा झालेला आहे. व्याकरणाला ही सूट शोभते. पण आपल्या समाजाने तीच नीतीची सूट करून ठेविली आहे. आग कोणी लावली हे विचारावयाचे नसले, म्हणजे ती 'लागली' असे म्हणावे आणि स्वस्थ बसावे! मग कोणी उन्हाला दोष देतो, कोणी वाऱ्याला. कोणी वेळूवर वेळू घासून ठिणगी पडल्याची जुनी कथा सांगतो. आणि अगदीच निरुपाय झाला, तर राखणदार कोपला असे म्हणून मोकळा होतो. फाल्गुन येतो, डोंगर काळे होतात, आणि याच सबबी पुन्हा ऐकू येतात. त्यांचा एकदा नीट झाडा घेणे अवश्य आहे.

प्रथम वाऱ्याची फिर्याद पाहू. पंचांगातला वसंत चैत्रात येतो. रानातला त्यापूर्वीच आलेला असतो. त्या दिवसांत आपल्या किनारपट्टीवर दुपारच्या सुमारास पश्चिमेचा खारा वारा सुटतो. तो ओलावा आणतो व उष्मा आवरून धरतो. परंतु काही दिवशी पूर्वेचा कोरडा वारा प्रबळ होतो आणि खारा वारा उशिरा येतो. पठारावरची हवा घाटमाथ्यावरून खाली उतरताना दाबली जाते, आणि कोरडी हवा अशी उतरू लागली की दर हजार मीटरांमागे सुमारे १० अंशांनी तापते. आठशे मीटरांच्या कड्यावरून तळाच्या गावात पोचेपर्यंत ती आठ अंशांनी अधिक तप्त आणि कितीतरी अधिक शुष्क झालेली असते. रानातला पाचोळा अशा दोनचार दिवसांत पापडासारखा वाळतो. मग उतारावर पडलेली एक ठिणगी चढणीच्या दिशेने धावू लागते; कारण ज्वाळा वरच्या अंगाचे गवत आधीच तापवून ठेवितात, आणि दिवसा डोंगराच्या उतारावरून वर चढणारी हवाही त्यांना हात देते.

हे सारे खरे. पण एवढे मान्य केल्यावर वारा दोषी ठरतो काय? सुकलेले पान आपोआप पेटावयाला दोनशे अंशांहून अधिक उष्णता लागते. आपला अत्यंत कडक दिवस चाळिशीच्या आसपास थांबतो. वीज पडून आग लागावी, तर आपल्याकडे विजा बहुधा वळवाच्या पावसाबरोबर येतात, आणि त्या पावसाला फाल्गुनात अवकाश असतो. राहिली वेळूची कथा. ती आजोबांच्या तोंडी शोभली. आज ती सांगणाऱ्याने वाऱ्यात घासणाऱ्या दोन ओल्या वेळवांतून ठिणगी काढून दाखवावी! देशातील बहुतेक वणवे माणसाच्या हातून, जाणूनबुजून वा हलगर्जीपणाने लागतात, हे वनखाती वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. वारा आगीला पाय देतो. जन्म देतो तो माणसाचा हात.

मार्च २०२३ चे दिवस गोमंतकीय वाचक विसरले नसतील. त्याआधीचा फेब्रुवारी हा दिवसाच्या कमाल तापमानाच्या देशव्यापी सरासरीने १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता. ५ मार्चच्या सुमारास, होळीपौर्णिमेच्या तोंडावर, म्हादई अभयारण्यातील साट्रे परिसरात आग दिसली आणि पुढे गोव्यातील अनेक डोंगर धुमसू लागले. त्याच आठवड्यात उष्म्यामुळे शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या. शेवटी नौदलाची आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे प्रचंड बादल्या लटकावून पाणी ओतू लागली. कीर्तनात आपण दरवर्षी ऐकतो की, श्रीकृष्णाने गोपाळांसाठी दावानल गिळला. त्या कथेतला भक्तिभाव बाजूस ठेवून आपण त्यातली केवळ सोय तेवढी उचलली आहे: आग कोणीही लावावी आणि ती गिळावयाला कोणीतरी आकाशातून उतरावे!

शासनही या दोषातून सुटत नाही. हेलिकॉप्टरांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येते. पौष-माघात काढलेल्या जाळरेषेचे छायाचित्र कोणी छापीत नाही. परंतु वणवा जिंकला जातो तो जाळरेषेवर. पाचोळा झाडून मोकळा केलेला पट्टा, पायवाटांची राखण, आणि कोयता व ओल्या फांद्या घेऊन वेळेवर पोचणारी दहा माणसे, ही खरी सेना. अभयारण्यात आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. कायदा कपाटात ठेवून चैत्रात चौकशीची घोषणा करणे, ही राज्यकारभाराची रीत नव्हे.

आता आगीच्या समर्थकांचे म्हणणे पाहू. कारण ते अगदीच निराधार नाही. काजूच्या बागायतदाराला झाडाखालची जमीन मोकळी हवी असते. गळून पडलेली बोंडे व बिया झुडपांत हरवल्या, तर त्याच्या वर्षाच्या कमाईला धक्का बसतो, आणि मजूर मिळत नाहीत हेही खरे. म्हणून काडी ओढली जाते. 'राखेने जमीन कसदार होते' असे वर सांगण्यात येते. राखेतले काही क्षार झाडाला मिळतात हे मान्य. परंतु पाचोळ्यातले नत्र जळून हवेत जाते, आणि उतारावरची राख पहिल्या मोठ्या पावसात वहाळाला मिळते. एका पावसाची हिरवळ पदरात पडते आणि कित्येक वर्षांच्या पाचोळ्याने घडविलेली माती नदीत जाते. हा व्यवहार कोणता वाणी मान्य करील? तोच पाचोळा झाडाच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून घातला, तर ओल टिकते आणि खतही होते.

आणि आग बागायतीच्या कुंपणाशी थांबत नाही. घाटातल्या सदाहरित रानातील वृक्षांची साल पातळ. त्यांनी आगीशी झुंजण्याची विद्या कधी शिकलीच नाही. जमिनीलगत मंद सरकणारी आगही त्यांची रोपे मारते. रिकाम्या जागी रानमोडी माजते, ती पुढच्या उन्हाळ्यात सुकते, आणि नव्या वणव्याचे सरपण होते. म्हादई नदी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावते आणि सत्तरीतून खाली येते. तिच्या काठच्या रानाला ना कर्नाटकाची सीमा ठाऊक, ना गोव्याची. अलीकडे जळाले तरी पलीकडची झरी आटते. या नदीच्या पाण्यासाठी दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत. ते पाणी धरून ठेवणारे रान जळते तेव्हा मात्र दोघांचीही वाणी मंद होते!

शेवटी राखणदाराच्या कोपाविषयी. हा विषय आम्ही थट्टेवारी नेणार नाही. आमचे वाचक देवळाशी जोडलेले आहेत आणि आम्हीही. म्हणूनच विचारतो, ज्याचे घर रानात, तो आपलेच घर जाळील काय? सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राय आहे. रानटी जायफळाच्या कुळातील दुर्मिळ वृक्षांची ती दलदल देवाच्या नावाने राखली गेली, म्हणून टिकली. तेथे कोणाचा पहारा नव्हता. 'देवाचे आहे, हात लावू नये' एवढी एक श्रद्धा होती. त्याच श्रद्धेचा वारस आज डोंगराला काडी लावतो आणि संध्याकाळी गाऱ्हाणे घालतो, 'गावाची राखण कर!' याला भक्ती म्हणावे की राखणदाराची फसवणूक? काजूबागायतींचे मालक आणि देवस्थानांचे मानकरी ही पुष्कळदा एकच माणसे असतात. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारून चालणार नाही.

पाडव्याला देवळात पंचांगश्रवण होते. वर्षाचा पर्जन्य कसा, मेघ कोणता, हे भटजी वाचून दाखवितात. म्हणजे ऋतूचे भाकीत मंदिरात वाचण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. आता हवामान खाते मार्च ते मे या उन्हाळ्याचा अंदाज आधीच प्रसिद्ध करते आणि कडक दिवसांचे इशारे देते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना पाठविते. माघी पौर्णिमेपासून पहिल्या पावसापर्यंत देवस्थानच्या फलकावर हे इशारे रोज लिहिले जावेत. पूर्वेचा कोरडा वारा असेल त्या दिवशी गावात कोणी पाचोळा पेटवू नये, आणि रानालगतच्या जत्रेत दारूकाम होऊ नये, असा ठराव महाजनांनी करावा. शिगम्यासाठी मांड झाडणारे हात एक दिवस रायीभोवतीची जाळरेषा झाडोत. आणि ठराव मोडणारा मानकरी असला, तरी त्याचा मान त्या वर्षापुरता तहकूब व्हावा. मोठ्या माणसाला सूट द्यावयाची असेल, तर ठराव न केलेलाच बरा.

होळीची आग आपण मोजून लावतो. तिला जागा ठरलेली, तिथी ठरलेली, भोवती सारा गाव उभा, आणि ती विझेपर्यंत लक्ष असते. पूर्वजांनी अग्नीला देव मानले आणि म्हणूनच त्याला कुंडाची मर्यादा घातली. कुंडाबाहेरच्या अग्नीला ते भीत. आपण ते भय टाकिले, मर्यादाही टाकिली, आणि राहिलेल्या राखेवर दैवाचे नाव लिहिले. येत्या फाल्गुनात निदान वाक्य तरी सुधारू या. वणवा 'लागला' असे न म्हणता 'लावला' म्हणू या. कर्ता वाक्यात परत आला, म्हणजे तो गावातही सापडेल.