फ्लोअर प्लेटच्या खाली

मरीन इंजिनिअरच्या ओरल्सच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, तयारीसाठी घरी येणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हटकून विचारतो. जहाजावर सहा जनरेटर आहेत. जहाज समुद्रात ठप्प व्हायला त्यांतले किती बिघडावे लागतील? साधा मुलगा 'सहा' म्हणतो. हुशार मुलगा लोडचा हिशेब करून 'चार किंवा पाच' म्हणतो. बरोबर उत्तर 'एक' आहे. ज्या जहाजाने ते सिद्ध केले ते आजही प्रवासी घेऊन फिरते आहे, फक्त नाव बदलून.

कार्निव्हल ट्रायम्फ हे त्याचे मूळ नाव. इटलीत, एड्रियाटिकच्या टोकाशी मोनफाल्कोने येथे फिनकांतिएरीचे मोठे यार्ड आहे. तिथेच १९९६ मध्ये कार्निव्हल डेस्टिनी तयार झाले आणि एक लाख ग्रॉस टनेजचा आकडा ओलांडणारे ते पहिले प्रवासी जहाज ठरले. (ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे, हे वर्तमानपत्रांना समजावून सांगण्यात आमची हयात गेली.) ट्रायम्फ हे त्याच आराखड्यावरचे पुढचे जहाज, १९९९ मध्ये सेवेत आले. लांबी २७२ मीटर, ग्रॉस टनेज १,०१,५०९. रुंदी पस्तीस मीटरच्या वर, म्हणजे पनामाच्या तेव्हाच्या लॉकमध्ये न मावणारी. हा निर्णय धाडसाचा होता. तोवर बांधणाऱ्याच्या डोक्यात पनामाची सव्वाबत्तीस मीटरची चौकट घट्ट बसलेली असे. या जहाजांनी ती मोडली आणि आम्ही कॅरिबियनमध्येच राहणार, हे मान्य करून टाकले. पुढे याच आराखड्याला ताणून, वाढवून कार्निव्हलची कॉन्क्वेस्ट मालिका निघाली, कोस्टा फॉर्च्युना निघाले, आणि २०१२ मध्ये जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलेले कोस्टा कॉन्कॉर्डियाही याच घराण्यातले. योगायोग असा की कॉन्कॉर्डियावर मरण पावलेल्या एका जर्मन प्रवाशाच्या कुटुंबाने दावा लावला तेव्हा मार्च २०१२ मध्ये गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर न्यायालयाच्या हुकमाने काही काळ अटकवून ठेवले गेले ते जहाज ट्रायम्फच होते.

आपल्या कामाचा भाग इंजिनरूममध्ये आहे. सुल्झरची सहा मीडियम-स्पीड इंजिने, चार सोळा सिलिंडरची आणि दोन बारा सिलिंडरची, मिळून सुमारे ६३ मेगावॅट. सगळी वीज एकत्र आणायची आणि तिथूनच प्रोपल्शन मोटरही चालवायची आणि वरच्या तीनेक हजार पाहुण्यांचे एसी, भटारखाने, लिफ्टही. क्रूझ जहाजाला डिझेल-इलेक्ट्रिक मानवते ते याचसाठी. रात्री सावकाश चालायचे तर दोन इंजिने बंद ठेवा, घाई असेल तर सगळी लावा. शिवाय इंजिने दोन वेगळ्या इंजिनरूममध्ये विभागलेली, पुढची आणि मागची. कागदावर यापेक्षा निर्धास्त मांडणी सापडणे कठीण. सिंगल मेन इंजिनच्या बल्क कॅरियरवर दिवस काढलेल्या कोणाही सेकंड इंजिनिअरला हा आराखडा पाहून हेवा वाटेल. मलाही वाटला होता.

१० फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे साडेपाचच्या सुमारास मागच्या इंजिनरूममध्ये सहा नंबरच्या जनरेटरला आग लागली. जहाज कोझुमेलहून गॅल्व्हस्टनला परतत होते. युकातान द्वीपकल्पापासून सुमारे दीडशे मैलांवर. वर ३,१४३ प्रवासी आणि १,०८६ कर्मचारी. कारण पुढे अमेरिकन कोस्ट गार्डने जाहीर केले: इंधनाच्या रिटर्न लाइनवरचा फ्लेक्सिबल होज गळला आणि इंधन गरम पृष्ठभागावर उडाले. आग विझवणाऱ्या यंत्रणेने आपले काम चोख केले, कोणी दगावले नाही. फक्त जहाज परत चालू झाले नाही.

इथे थांबायला हवे. पुढच्या इंजिनरूमला धग लागली नव्हती. तिथली इंजिने ठणठणीत होती. पण त्यांची वीज जिथे पोचायची तिथवरच्या वाटेवर आग लागली होती. मागच्या बाजूच्या केबल जळाल्या आणि जिवंत इंजिनांची वीज मोटरपर्यंत नेणारा रस्ताच उरला नाही. इंजिने वाटून ठेवली, केबल वाटून ठेवल्या नाहीत. सहा घागरी भरून ठेवल्या आणि सगळ्यांना मिळून ओंजळ एकच.

हे पहिल्यांदा घडले असते तर दैव म्हटले असते. पण त्याच्या २७ महिने आधी, ८ नोव्हेंबर २०१० ला, त्याच कंपनीच्या कार्निव्हल स्प्लेंडरवर हाच धडा मिळालेला होता. तिथे पाच नंबरच्या इंजिनाचे आतले भाग फुटून बाहेर आले, मागच्या इंजिनरूममध्ये आग लागली, छताजवळून जाणाऱ्या केबल भाजल्या आणि पुढची शाबूत इंजिनेही निरुपयोगी झाली. ब्रिजवर अलार्म रीसेट केल्यामुळे वॉटर मिस्ट सुटायला सुमारे पंधरा मिनिटे उशीर झाला आणि सीओटू सोडायची वेळ आली तेव्हा तीही यंत्रणा धड चालली नाही. साडेचार हजारांच्या आसपास माणसांना रसद पोचवायला अमेरिकन नौदलाची रोनाल्ड रेगन ही विमानवाहू नौका आली. तिथे इंजिनाचा दोष, इथे होजचा. सुरुवात वेगळी, शेवट अगदी एकसारखा.

ट्रायम्फचे पुढचे चार दिवस टीव्हीने जगाला दाखवलेच. व्हॅक्यूम टॉयलेटला वीज लागते, हे त्या आठवड्यात लक्षावधी लोकांना कळले. केबिनमध्ये गरम आणि कुबट, म्हणून लोकांनी डेकवर चादरींचे तंबू ठोकले. प्रवासी कंपनीवर चिडले, पण कर्मचाऱ्यांबद्दल बहुतेक जण चांगलेच बोलले. आधी मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदरात न्यायचे ठरले होते; तेवढ्यात प्रवाहाने जहाज उत्तरेला इतके वाहून गेले की अलाबामातले मोबाइल बंदर सोयीचे झाले. ओढायला आलेल्या टगबोटींपैकी एकीचे नाव 'दाभोळ' होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांना ते नाव वाचून काय वाटले असेल ते असो. मी तर बातमी दोनदा वाचली. १४ तारखेला रात्री जहाज मोबाइलच्या धक्क्याला लागले.

दुर्दैव तिथेही सुटले नाही. ३ एप्रिलला दुरुस्तीच्या यार्डात असताना जोराच्या वाऱ्याने ट्रायम्फने दोर तोडले, ते नदीत भरकटले, एका मालवाहू जहाजाला धडकले. धक्क्यावरची चौकी पाण्यात गेली आणि यार्डचा एक कामगार बुडून मरण पावला. दहा-बारा मजली भिंतीसारख्या या जहाजावर वारा किती जोर करतो याचा हिशेब डेकवरच्या मित्रांनी स्वतंत्रपणे मांडावा. आमच्या मासिकाला तो लेख हवाच आहे.

मला लिहायचे आहे ते एका कागदाबद्दल. प्रवाशांच्या दाव्यांत जी कागदपत्रे बाहेर आली त्यांत कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे आगीच्या महिनाभर आधी, जहाजांना पाठवलेली एक सूचना होती. इंधनाच्या फ्लेक्सिबल होजवर स्प्रे शील्ड बसवा, अशा अर्थाची. तिलाही पार्श्वभूमी होती: फेब्रुवारी २०१२ मध्ये कोस्टा अलेग्रा हिंदी महासागरात आगीने निकामी झाले होते आणि एका फ्रेंच मासेमारी जहाजाने ते सेशल्सला ओढत नेले होते. सूचना ट्रायम्फवर पोचली. शील्ड बसलीही. पण ती फ्लोअर प्लेटच्या, म्हणजे पायाखालच्या लोखंडी पत्र्यांच्या, वर दिसणाऱ्या होजवर. गळला तो होज प्लेटच्या खाली होता. सहा नंबरचे मोठे ओव्हरहॉल लांबणीवर पडले होते, हेही त्याच कागदांत निघाले. कंपनीने निष्काळजीपणाचा आरोप मानला नाही; तिकिटावरच्या करारात सुरक्षित प्रवासाची हमीच दिलेली नाही, असाही तिच्या वकिलांचा मुद्दा होता. कायद्याचे मी बोलत नाही. तिकीट काढणारा माणूस मात्र ते वाचून तिकीट काढत नाही, एवढे मला ठाऊक आहे.

त्या प्लेटच्या वर शील्ड बसवणाऱ्या फिटरला मी दोष देणार नाही. त्याला दिलेल्या कामात जे दिसले ते त्याने केले, सेकंडने टिक केली, सुपरिंटेंडंटला मेल गेला. आपल्याकडचे अर्धेअधिक परिपत्रक-पालन असेच चालते. मी थर्ड इंजिनिअर असताना एका जुन्या मालवाहू जहाजावर बूस्टर पंपाशेजारची प्लेट उचलली तर खाली रबराचा एक होज, वरून रंग मारलेला. रंग कोणी आणि कधी मारला याचा पत्ता नाही, यादीत त्याची नोंद नाही. तो बदलला नि आम्ही यादी दुरुस्त केली; पण ती प्लेट मी उचलली होती हातातून पडलेला पाना शोधायला, तपासणीसाठी नव्हे, हे कबूल करायला हवे.

नियमांचे म्हणाल तर ते झोपलेले नव्हते. २२० अंश सेल्सिअसपेक्षा गरम पृष्ठभाग झाकून ठेवा, उच्च दाबाच्या इंधनवाहिन्या दुहेरी ठेवा, हे सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारात आहे आणि इंजिनरूमच्या आगी टाळण्याबद्दल आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) २००९ मध्ये सविस्तर मार्गदर्शनही काढले. मोठी सुधारणा म्हणजे 'सेफ रिटर्न टू पोर्ट'. १ जुलै २०१० पासून कील टाकलेल्या, १२० मीटर किंवा जास्त लांबीच्या अथवा तीन वा अधिक मुख्य उभ्या विभागांच्या प्रवासी जहाजांना हे लागू आहे: ठरावीक मर्यादेतली आग लागली किंवा एक जलरोधक कप्पा बुडाला तरी जहाजाने स्वतःच्या बळावर बंदर गाठले पाहिजे आणि तोवर प्रवाशांना पाणी, अन्न, शौचालय, उजेड मिळाला पाहिजे. नुकसान त्यापलीकडचे असेल तर जहाज सोडण्याच्या काळापुरत्या, तीन तास, महत्त्वाच्या यंत्रणा चालू राहिल्या पाहिजेत. यात कोठेही इंजिनांची संख्या विचारलेली नाही. विचारले आहे ते एवढेच की एक खोली गेली तर काय उरते.

पण ट्रायम्फ १९९९ चे, म्हणून त्याला हा नियम लागू नव्हता. स्प्लेंडर २००८ चे, त्यालाही नव्हता. ट्रायम्फच्या आगीनंतर कार्निव्हलने ताफ्याच्या सुधारणांसाठी तीस कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला: दुसरी आपत्कालीन वीज, आग विझवण्याच्या यंत्रणांत वाढ, केबल आणि जोडण्यांची फेरमांडणी. हे सगळे त्यांनी नियमाशिवाय केले, पण आग लागल्यावर केले. जगात २०१० च्या आधीची मोठी प्रवासी जहाजे भरपूर आहेत. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारे एम्प्रेस १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले आहे. गोव्यातल्या, वसईतल्या, कोकणातल्या कितीतरी घरांचे हप्ते क्रूझ जहाजांच्या पगारावर फिटतात आणि त्यांतली बरीच मुले आता केवळ हॉटेल विभागात नाहीत, इंजिनकडेही आहेत. नवा नियम ज्यांना लागू नाही अशी जहाजे त्यांच्या वाट्याला येणारच.

ट्रायम्फ २०१९ मध्ये स्पेनच्या कादिझ येथे ड्राय डॉकला गेले, वीस कोटी डॉलर खर्चून बाहेर पडले आणि त्याचे नाव कार्निव्हल सनराइज झाले. जाहिरातीत नवी रेस्टॉरंटे होती, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या. केबलचा मार्ग कुठून जातो हे जाहिरातीत छापत नाहीत.

म्हणून वाचकांकडे एक मागणे आहे. येत्या महिन्यात जे जहाजावर असतील त्यांनी एका जनरेटरच्या आजूबाजूच्या सगळ्या प्लेट उचलाव्यात. खाली किती फ्लेक्सिबल होज आहेत, त्यांतले किती पीएमएसच्या (नियोजित देखभालीच्या) यादीत आहेत, शेवटचा बदल कधीचा, आणि त्या जनरेटरच्या डोक्यावरून दुसऱ्या इंजिनरूमच्या केबल जातात का, एवढे चार मुद्दे लिहून पाठवावेत. जहाजाचे आणि कंपनीचे नाव लिहू नका. लिहिलेत तरी आम्ही छापणार नाही.