कानस, मेगर आणि दोन श्रेयांक

दहावीचा निकाल लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला मोकळ्या आवाजात, सायन्सला कुठं घालू? दुसरा दबक्या आवाजात, मार्क कमी पडलेत, आयटीआयचं काही बघता का? टक्के चांगले आहेत आणि तरीही इलेक्ट्रिशियन ट्रेडच हवाय, असं सांगणारा फोन इतक्या वर्षांत एकदाच आला. गृहस्थ राहुरीकडचे, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. जळालेली मोटार ते डोळे मिटून भरतात, पण ती जळाली का, असं गिऱ्हाइकानं विचारलं की सगळं व्होल्टेजवर ढकलतात. पोराला तरी ते कळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आयटीआयवर एवढ्या बैठका आणि भाषणं ऐकली, पण तिचं काम इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. आयटीआयची खरी स्पर्धा कॉलेजशी नाही, गॅरेजशी आहे. हात गॅरेजातही बसतो, कदाचित लवकर बसतो. पण वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग उस्ताद शिकवत नाही, कारण त्यालाही ते कुणी शिकवलेलं नसतं. कानस घेऊन दिवसदिवस जॉब घासायचा आणि मग तो व्हर्निअरनं मोजून घ्यायचा, यातलं मोजणं हे शिक्षण आहे. ते सरकारी खर्चानं, परवडेल अशा फीत मिळतं, म्हणून मोलमजुरी करणाऱ्याच्या घरापर्यंत पोचतं.

राहुरी ज्या जिल्ह्यात येते त्या नगरला हातकाम शिकवणारी शाळा नवीन नाही. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या रांगेत अजून नगरच ऐकू येतं.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशननं इथं सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालवली. सुतारकाम, गालिचे, धातूवरचं नक्षीकाम असे तिथले विषय. पुढे याच मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचा अमेरिकी इंजिनिअर आला. विणकरांच्या या गावात त्यानं सुधारित हातमाग तयार केला आणि 1908 साली मद्रासच्या स्पर्धेत त्या मागानं बक्षीस मिळवलं. मिशनचे हेतू काय होते यावर वाद घालावा तेवढा थोडा. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. इंजिनिअरिंग शिकून आलेला माणूस मागाच्या धोट्याशी जाऊन बसला होता.

नंतर आपण इंजिनिअर आणि कारागीर या दोघांना वेगळ्या इमारतींत बसवलं. एवढंच नाही, वेगळ्या खात्यांतही. विद्यापीठं उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे. दोन्हीकडच्या फायली एकमेकींना ओळख देत नाहीत.

कर्मवीर भाऊरावांचं नाव इथं कुणीतरी घेईलच. रयतच्या शाळा जिल्हाभर आहेत आणि 'कमवा व शिका' ही आपली अभिमानाची गोष्ट. पण जरा नीट बघितलं तर त्या योजनेत पोरानं खडी फोडली ती शिक्षणाचा खर्च भागवायला. घाम ही फी होती, अभ्यासक्रम नव्हता. स्वतः भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडलेले, कूपरच्या कारखान्याशी संबंध आलेला; लोखंडाची किंमत त्यांना कळत होती. आपण मात्र त्यातलं फक्त कष्टाचं कौतुक उचललं आणि पोराला बी.ए.ला पाठवलं.

शिडी अगदीच नाही असं नाही. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भाषेसह ठरावीक विषय दिले तर बारावीची समकक्षताही. पण ही वाट सांगायला कुणी बसलेलं नाही. आणि ही शिडी फक्त वर जाते. कॉलेजातून वर्कशॉपकडे यायला तिला पायऱ्याच नाहीत.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या पोरांनाही व्यवसाय कौशल्याचे श्रेयांक घ्यायला लावलेत. उत्तम. पण तालुक्याच्या आर्ट्स-कॉमर्स कॉलेजात लेथ कुठून आणणार? मग दोन श्रेयांकांचं कौशल्य फळ्यावर शिकवलं जातं. घरातल्या वायरिंगवर बहुपर्यायी प्रश्न! आणि त्याच गावात आयटीआयचं वर्कशॉप पाळी संपली की कुलूपबंद.

माझी मागणी मोठी नाही. नव्या विद्यापीठाची तर मुळीच नाही. रतन टाटांच्या नावाचं कौशल्य विद्यापीठ राज्याला आहे, पाटी लावायची हौस तिथं फिटावी. कॉलेजच्या पोरांनी ते दोन श्रेयांक आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, शिल्पनिदेशकाच्या हाताखाली कमवावेत. गुण त्यानंच द्यावेत आणि विद्यापीठानं ते मुकाट्यानं मान्य करावेत. जादा तासांचा मोबदला कॉलेजनं द्यावा. बदल्यात आयटीआयच्या पोरांना कॉलेजचं ग्रंथालय आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उघडी असावी.

निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत तिथं हे जमणार नाही, हे मान्य. म्हणून आधी जागा भरा. हजार सरकारी आयटीआयच्या नूतनीकरणासाठी केंद्रानं 2025 मध्ये साठ हजार कोटींची योजना आणली; नवी यंत्रं येतीलही. पण यंत्राशेजारी उभा राहणारा माणूस कंत्राटावर असेल तर त्या यंत्रावरचं प्लॅस्टिकचं आवरण निघायलाच वर्ष जाईल.

राहुरीच्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला. तक्रारीचा. पोरगं आता मोटार खोलायच्या आधी मेगर लावून इन्सुलेशन तपासतं, आकडे वहीत लिहितं, आणि तोवर गिऱ्हाईक दारात खोळंबतं.