किल्ली कोणाच्या खिशात?

मे महिन्यात बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या कोणत्याही शेडमध्ये शिरा, पंख्यांबद्दल तीन वाक्ये कानावर पडतील. ‘फिरतोय ना, मग ठीक आहे.’ ‘जाळीने हवा अडते.’ ‘स्विच बंद केलाय, चढ वर.’ अनुभवी माणसांच्या तोंडून येतात म्हणून ती पटतात. पण तिन्ही चुकीची आहेत.

थ्री-फेज मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त बरीच कमी. हात धरून पाहणाऱ्याला वारा लागतो. भट्टीपाशी उभ्या माणसाच्या छातीत मात्र धूर जातो. मग पुली बदलून वेग वाढवतात. वेग 10 टक्के वाढवला की विजेची भूक सुमारे 33 टक्क्यांनी वाढते, मोटर तापते आणि मूळ चूक तशीच राहते. पंखा बसवतानाच त्यावरच्या बाणाची दिशा ताडून पाहायला हवी होती.

जाळीने थोडी हवा अडते, हे मान्य. पण जास्त अडवते ती जाळीवर बसलेली धूळ-तेलाची खपली. तिला ब्रश लावावा. जाळी काढून कोपऱ्यात टेकवू नये. हीच खपली पात्यांवर कमीजास्त बसली की तोल बिघडतो, पंखा थरथरतो, बोल्ट ढिले होतात, बेअरिंग ओरडू लागते. त्यावर ग्रीस कोंबत राहिलो तर बेअरिंग आणखी तापते.

तिसरे वाक्य जीवघेणे आहे. माणूस वर, स्विच खाली. पाळी बदलते, ‘पंखा बंद कसा?’ म्हणत कोणीतरी बटण दाबतो. शिवाय वीज तोडली तरी वाऱ्याच्या ओढीने पाती फिरू शकतात.

म्हणून रीत एकच: आयसोलेटर बंद करून कुलूप लावा. वर चढणाऱ्या प्रत्येकाचे कुलूप वेगळे, किल्ली त्याच्याच खिशात. स्टार्टर दाबून मोटर खरोखर मेली आहे ना, ते पाहा. पाती अडकवा, मगच हात घाला. जाळी परत बसल्याशिवाय कुलूप काढू नका.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असे मालक विचारतात. 1948 च्या कारखाना कायद्याने खेळती हवा आणि फिरत्या यंत्राला पक्के कुंपण, दोन्ही मागितली. एकासाठी दुसरे सोडा असे म्हटले नाही. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले, ते कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड देण्यासाठी. तो हात शाबूत राहिला तरच त्या जोडीला अर्थ आहे.