गंगेतून क्रूझ जाते, पण काठावरच्या जुन्या गावांना काय मिळतं?

१३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ ही क्रूझ निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर आणि बांगलादेशमार्गे थेट आसाममधलं दिब्रुगड. तीनच दिवसांनी बातमी पसरली की बिहारमध्ये छपराजवळ क्रूझ गाळात अडकली! प्रशासनाने ती फेटाळली. क्रूझ खोल पाण्यात नांगरली होती आणि चिरांद हे पुरातत्त्वीय स्थळ पाहायला पर्यटकांना छोट्या बोटींतून नेलं, असा खुलासा झाला.

पण या प्रसंगातून नदी पर्यटनाचा मुख्य प्रश्न समोर आला. मोठी बोट नदीतून जाईलही, पण काठावरच्या गावांपर्यंत पोहोचेल का?

या मार्गावर पाहण्यासारखं काय?

प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा मार्ग १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ झाला. त्याचा शेवटचा टप्पा म्हणजे हुगळी नदी. कोलकात्याच्या उत्तरेला थोड्याच अंतरात इथे चार युरोपीय देशांच्या जुन्या वसाहती लागतात. श्रीरामपूर १८४५ पर्यंत डॅनिश लोकांकडे होतं. चंदननगर १९५० पर्यंत फ्रेंचांकडे. चुंचुडा डचांचं, तर बंडेल पोर्तुगीजांचं.

आणखी वर काटवा आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी इथेच तळ दिला होता. ‘बारगीर’वरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द बंगालमध्ये आजही लुटारू या अर्थाने ओळखला जातो. त्या धास्तीने कोलकात्याभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणला गेला. मराठी पर्यटकाला इथे आपलाच इतिहास दुसऱ्या बाजूने ऐकायला मिळतो.

मग अडचण काय?

पहिली अडचण गाळाची. मालवाहू जहाजांसाठी नदीत ठरावीक खोली राखावी लागते, त्यासाठी सतत गाळ काढावा लागतो. पण याच पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात आणि राष्ट्रीय जलचर असलेला गंगेतला डॉल्फिनही. तो जवळजवळ आंधळा असतो, आवाजाच्या आधारे वाट शोधतो. बोटींचा आवाज वाढला की त्याची अडचण वाढते.

दुसरी अडचण पैशाची. क्रूझवरचा पर्यटक राहतो बोटीवर, जेवतो बोटीवर. गावात उतरतो ते काही तासांसाठी. त्यामुळे खर्चाचा मोठा भाग बोटीवरच राहतो.

दुसरा मार्ग आहे का?

श्रीरामपूरचं उदाहरण बघा. तिथली डॅनिश काळातली मोडकळीला आलेली खानावळ, ‘डेन्मार्क टॅव्हर्न’, डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मदतीने दुरुस्त झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा उघडली. हावड्याहून लोकलने येणारा माणूसही तिथे चहा पिऊ शकतो. नदी ओलांडायला साधी फेरीबोट आहेच.

महाराष्ट्र-गोव्याशी संबंध काय?

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात दाभोळ खाडी-वाशिष्ठी आहे आणि गोव्याची मांडवीही. दाभोळ हे बहामनी काळातलं मोठं बंदर. जुनं गोवं मांडवीच्याच काठावर.

उद्या इथे पर्यटन बोटींच्या घोषणा झाल्या, तर बोट किती आलिशान आहे याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. जेट्टी गावकऱ्यांनाही वापरता येईल का? मच्छीमारांना विचारलंय का? आणि बोट गेल्यावर गावात काय उरेल?