गोराईत एका गुंठ्यात चार घरे



मुंबईला गेलात की राणीची बाग आणि चौपाटी पाहताच. पुढच्या खेपेस अर्धा दिवस काढून बोरिवलीला उतरा आणि पश्चिमेकडे गोराई वसाहतीत एक चक्कर मारा. जुने गोराई गाव खाडीपलीकडे, तिथे होडीने जाता येते. ही वसाहत अलीकडच्या तीरावर आहे.

तिथे बघायचे काय? तर घरे! १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने गोराईला आणि शेजारच्या चारकोपला कमी मिळकतीच्या कुटुंबांना बांधलेली घरे न देता आखलेले भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारने करायचे. भिंती ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभारायच्या. लहान भूखंड २५ चौरस मीटरच्या आसपास. आपल्या हिशेबाने गुंठ्यात चार! तीस-पस्तीस घरांची मिळून एक सहकारी संस्था, आणि घरांच्या मधोमध सामाईक चौक.

चौकात शिरण्याआधी कुणाला तरी विचारा. ते लोकांचे अंगण आहे. मग नीट पाहा. एक घर बैठे, तर शेजारचे दुमजली. पैसा हाती आला तसतशी घरे वाढत गेली.

सुरुवातीस वस्ती सावकाश झाली, तेव्हा बेत फसला असेच अनेकांना वाटले. पुढे वीस वर्षांनी अभ्यासकांनी मुंबई आणि मद्रासकडच्या अशा वसाहती पुन्हा पाहिल्या. त्या चांगल्या नांदत्या झाल्याचे त्यांनी २०१८ साली लिहिले. कलम लावून दुसऱ्या दिवशी आंबे मागू नयेत, हे आपल्याला का सांगायला हवे?

आता घरची गोष्ट. प्रधानमंत्री आवास योजनेतले तुमचे घरकुलही कमीत कमी २५ चौरस मीटरचेच, आणि तेही तुम्हीच हप्त्याहप्त्याने बांधायचे. पुढे मुलाचा संसार वर थाटायचा मनात असेल, तर पाया खणण्याआधीच इंजिनिअरला सांगा. मागाहून पाया बदलता येत नाही. आणि भावाभावांची घरे शेजारी होणार असतील तर मधली जागा कुंपण घालून वाटू नका. गोराईच्या गुंठाभर जागेत चार कुटुंबे राहतात, तरी त्यांनी चौक राखला. आपल्याला तर जागा त्याहून मोठी आहे. अंगण राखायचे की नाही, ते घरी बसून ठरवा.