रचनेचा एक तास

आपल्या शाळांतून कविता शिकविण्याचा जो शिरस्ता वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्यात शब्दार्थ, भावार्थ, रसग्रहण आणि परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या ओळी या सर्वांची तजवीज असते. नसते ती एवढीच, की विद्यार्थ्याने स्वतः चार ओळी रचाव्यात आणि वर्गापुढे उभे राहून त्या म्हणून दाखवाव्यात. दहा इयत्ता कविता वाचूनही जन्मात एक कडवे न रचलेला मुलगा शालान्त परीक्षा सन्मानाने उत्तीर्ण होतो, आणि त्याचे कुणास वैषम्यही वाटत नाही.

वस्तुतः मराठी कवितेचा संबंध कागदापेक्षा कंठाशी अधिक जुना आहे. जात्यावरची ओवी दळता दळता रचली गेली आणि ऐकूनच पुढच्या पिढीस मिळाली. निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी ग्रंथरूपाने आली ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. रविकिरण मंडळाच्या कवींनी आपल्या कविता श्रोत्यांपुढे गायिल्या, आणि पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर व वसंत बापट या त्रयीने काव्यवाचनाला भरगच्च सभागृहे मिळवून दिली.

कवी जन्मावा लागतो, शिकवून होत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु निबंध लिहिणारी सगळी मुले निबंधकार होत नाहीत, म्हणून निबंधाचा तास कुणी रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

प्रारंभ मुक्तछंदापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवख्याला मोकळीक भांबावून टाकते, माप मात्र हात देते. मोठ्या अभंगाचे माप घ्यावे : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक, बोटांवर मोजता येईल इतके सोपे. समजा, आश्रमशाळेतल्या एका मुलीने दिवाळीच्या सुटीवर लिहिले : ‘लाल गाडी आली, धूळ उडवीत, मला ती बोलवीत, गावाकडे.’ कागदावर यात काही खटकत नाही. पण ती उभी राहून म्हणू लागली, की तिसऱ्या चरणाशी जीभ अडते, मागच्या बाकावरचे कुणी ‘सात झाली!’ म्हणून ओरडते, आणि ती क्षणभर थबकून ‘ती’ गाळून टाकते. व्याकरणाच्या कोणत्याही तासाला न साधणारे हे संस्करण तिच्या कानाने केलेले असते. म्हणूनच रचना आणि सादरीकरण यांची फारकत करणे मला अनुचित वाटते.

स्नेहसंमेलनात ‘स्वरचित’ म्हणून म्हटल्या जाणाऱ्या कवितांमागे वडिलांचे किंवा बाईंचे हस्ताक्षर किती वेळा असते, हे सर्वांस ठाऊक आहे. बक्षिसाचे आमिष दाखविले, की दुसरे काय व्हावे? तेव्हा या कामी स्पर्धा नको, गुणही नकोत. शिक्षकाने मात्र मुलांबरोबर स्वतःही रचावे आणि आपली अडखळलेली ओळ त्यांच्यापुढे निःसंकोच म्हणावी. त्याखेरीज लाजऱ्या मुलाचे तोंड उघडणार नाही.

पुढील सत्राचे वेळापत्रक आखताना आठवड्यातून निदान एक तास रचनेसाठी राखून ठेवावा, अशी मुख्याध्यापकांस विनंती आहे. त्यासाठी वेगळा शिक्षक नेमावा लागत नाही, की अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.