शाळेतल्या खताला राखणदार पाहिजे



यावेळची नोंद शिवारातली नाही, मुंबईतल्या लोअर परळची आहे. पण विषय आपलाच आहे, खताचा. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील लोअर परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्याच वर्षी आम्ही बाडबिस्तरा घेऊन गावाला आलो. थोरला भाऊ मात्र तिथंच राहिला, चाळीतली खोली अजून आहे. त्याची नात तिथल्याच एका मराठी शाळेत सहावीला आहे. तिनं वर्गात सांगून टाकलं, "माझे गावचे आजोबा खत बनवतात." झालं. दिवाळीनंतर भावाकडं गेलो तर शाळेच्या बाईंचा निरोप आलेला, काका, जरा येऊन बघाल का, आमचं खत का होत नाही?

गेलो. जिन्याखाली दोन हिरवे ड्रम. कुणीतरी देणगी दिलेले, वर देणाऱ्याचं नाव, उद्घाटनाचे फोटो फलकावर. झाकण उघडलं आणि मागं सरकलो. आत खिचडी, पोळ्या, केळीची सालं, सगळ्याचा काळा लगदा. तळाला पाणी साचलेलं. पाला म्हणाल तर एक पान नाही. बाजूला गांडुळांची पेटी होती, त्यातली गांडुळं मे महिन्याच्या सुट्टीत मेली म्हणे. वास सुटला तशी शेजारच्या इमारतीतून तक्रार आली आणि ड्रमला झाकण घालून वर दोरी बांधली.

आणि गंमत बघा, त्याच अंगणात शाळेच्या मावशी वाळलेला पाला झाडून पोत्यात भरत होत्या. रेन ट्रीचा, बदामाचा, अशोकाचा. कुठं जातो म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कुठं म्हणजे, गाडीत."

म्हणजे खताला जे कमी पडत होतं ते रोज फाटकातून बाहेर जात होतं.

आपल्या लोकांना हे सांगायला नको, पण शाळेतल्या बाईंना सांगितलं तेच थोडक्यात लिहितो. ओल्या खरकट्यात नत्र जास्त, वाळल्या पाल्यात कर्ब जास्त. ढिगात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 30 ला 1 असलं की कुजणं नीट चालतं. तराजू नको, एक बादली ओलं आणि दोन बादल्या चुरलेला पाला एवढं धरलं तरी काम होतं. मूठभर माल दाबला तर बोटांतून एखादा थेंब यावा, धार लागू नये. हवा खेळली पाहिजे. हवा नसली की कुजत नाही, सडतं. ते ड्रम सडत होते.

यात नवीन काही नाही. अल्बर्ट हॉवर्ड साहेबानं 1920 च्या दशकात इंदूरला हेच बसवलं आणि ते आपल्या शेतकऱ्यांचं बघून बसवलं. आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विटांच्या टाक्याला भोकं ठेवली ती हवेसाठीच. शेण थोडं, काडीकचरा जास्त. नाडेप टाकं आपल्याकडं गावोगाव आहे, शाळेच्या जिन्याखाली बसत नाही एवढंच.

आता माझं मत सांगतो, कारण नोंद त्यासाठीच लिहितोय.

शाळेत खत फसतं ते ड्रममुळं नाही, आणि पाल्यामुळंसुद्धा नाही. पाला आठ दिवसांत सुधारता येतो. खत फसतं कारण त्याला राखणदार नसतो. आपल्या उकिरड्याला मालक असतो. शेणाची पाटी कोण टाकणार, पाऊस आला तर कोण झाकणार, हे घरात ठरलेलं असतं. शाळेत ड्रम सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. देणाऱ्याचं काम फोटोला संपतं. शिक्षकांच्या डोक्यावर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं लादलेलं. मग उरतं कोण? झाडणारी मावशी.

त्या मावशींनी मला सरळ विचारलं, "दादा, हे काम माझ्या पगारात आहे का?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हेडबाई पण गप्प झाल्या. पर्यावरणाचा कार्यक्रम शाळेचा, प्रमाणपत्र शाळेला, आणि लगद्यात हात मात्र सगळ्यांत कमी पगार असलेल्या बाईचे. हे मला पटत नाही. शेतात गड्याला जादा काम सांगितलं तर आपण जादा पैसे देतो, नाही दिले तर तो उद्या येत नाही. शाळेतही तेच धरा. म्हणून पहिली अट मी ती घातली: रोजच्या अर्ध्या तासाचे पैसे मावशींना महिन्याला मिळाले पाहिजेत, आणि ते कागदावर पाहिजेत. पालक संघानं ते मान्य केलं. नसतं केलं तर मी ड्रम धुऊन परत देऊन टाका म्हणणार होतो.

दुसरी अडचण पालकांची. एका पालकानं बैठकीत उठून विचारलं, "आमच्या पिढ्या कचऱ्यात गेल्या. पोरगं शाळेत घातलं ते परत कचऱ्यात हात घालायला का?" काही लोक हसले. मला हसू आलं नाही. माणूस बरोबर बोलत होता. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो सगळ्या गावाला लाज वाटावी म्हणून, कुण्या एकाच्या पोराला कायमचा खराटा मिळावा म्हणून नाही. मग ठरवलं की पाळी हजेरीपटाच्या क्रमांकानं. डॉक्टरचा असो, टॅक्सीवाल्याचा असो, सगळ्यांची. शिक्षा म्हणून कुणालाही तिथं पाठवायचं नाही. हातमोजे आणि खुरपं वापरायचं, नंतर साबणानं हात धुवायचे. पोरांचं काम वजन करणं, पाला चुरणं, वहीत लिहिणं. ओलं उचलणं मोठ्या माणसाचं. आणि पहिल्या आठवड्याला शिक्षकांनी पाळी करायची, पोरांच्या आधी. त्या गृहस्थांचं सगळं समाधान झालं नाही, पण पोराला येऊ दिलं.

मग कामाला लागलो. पहिला आठवडा खत केलंच नाही, नुसतं वजन केलं. रोजचं सरासरी 9 किलो ओलं निघालं. त्यात निम्म्याहून जास्त उरलेली खिचडी. हे बघून बाईंनीच ठरवलं की आधी अर्धा डाव वाढायचा, पाहिजे त्यानं परत घ्यायचं. दोन महिन्यांत 9 चा आकडा 6 वर आला. माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातली सगळ्यांत मोठी कमाई हीच. अन्न खत होण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं.

उरलेलं सगळं आम्ही घेतलं नाही. जागाच नाही. कच्ची सालं, भाजीचे देठ, चहाचा चोथा, थोड्या पोळ्या असं रोज 4 किलोच घेतलं. खिचडी अजून गाडीतच जाते. तेलामिठाचं शिजलेलं अन्न सुरुवातीलाच घेतलं की वास, उंदीर आणि झुरळं आलीच. मुंबईत उंदीर म्हणजे लेप्टोची भीती, ती हसण्यावारी नेऊ नका. शिवाय मीठ खतात साठतं. शहरी कंपोस्टची क्षारता 4 च्या वर जाऊ नये असं खत नियंत्रण आदेशात आहे, ते उगीच नाही.

ड्रमऐवजी भाजीचे जाळीचे क्रेट घेतले, आतून पोत्याचं कापड लावलं, वरून पत्र्याचं छप्पर. विरजणाला गोठ्यातलं शेण आणि जुनं मुरलेलं खत मी गावाहून नेलं, एसटीत कंडक्टरची बोलणी खाऊन. बदामाचं पान जाड, लवकर कुजत नाही, ते पायानं तुडवून घ्यायचं, पोरांना हे काम सगळ्यांत आवडलं. सुतारकामाचा भुसा कुणी आणून दिला तर प्लायवूडचा नाही ना हे विचारायचं, त्यात डिंक-रसायन असतं. देवळातलं निर्माल्य घ्यायचं तर दोरा आणि प्लॅस्टिक आधी काढायचं.

आता वेळापत्रक. हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहितो. शाळा जूनमध्ये उघडते, पर्यावरण दिनाचा उत्साह असतो आणि लोक तेव्हाच खत सुरू करतात. मुंबईत जूनला सुरू करणं म्हणजे भर पावसात कडबा पसरणं. ओलं भरपूर, कोरडा पाला नाही. सुरुवात दिवाळीनंतर करा. पानगळ पुढं फेब्रुवारी-मार्चला जोरात होते, तेव्हा पावसाळ्यासाठी पोती भरून ठेवा. रोज 4 किलो ओल्याला वर्षाकाठी तीसेक पोती दाबलेला पाला लागतो. आणि सुट्टीच्या तीन आठवडे आधी नवीन माल टाकणं बंद. सुट्टी हा खत मुरायचा काळ धरा, म्हणजे मे महिना शत्रू राहत नाही. मधून पाणी शिंपडायला एक माणूस पाहिजे, त्याचं नाव सुट्टीआधी फळ्यावर लिहा.

काही लोक म्हणतात, एवढं कशाला, 24 तासांत खत देणारं मशीन घ्या. बरीचशी मशीनं माल तापवून, वाळवून भुगा करतात. दिसायला खत, पण ओलं झालं की परत तापतं आणि वास येतो, कारण कुजणं झालेलंच नसतं. ते परत दीड-दोन महिने मुरवावंच लागतं. आणि वीजबिल कोण भरणार, हा राखणदाराचाच प्रश्न पुन्हा.

जानेवारीत गेलो तेव्हा एक क्रेट फसला होता. कुणीतरी डब्यातली आमटी ओतली होती. त्यात अळ्या पडल्या, पोरी किंचाळल्या. पाला घालून, उलटून आठ दिवसांत सुधारला. मार्चअखेर पहिलं खत चाळलं. परीक्षा साधी घेतली: एका कुंडीत खत मिसळून मेथी टाकली, एका कुंडीत नुसत्या मातीत. कच्चं खत असेल तर बी नीट उगवत नाही. आमच्या दोन क्रेटची मेथी चांगली आली, तिसऱ्याची विरळ. पोरांनी तिसरा क्रेट परत मुरायला ठेवला. मी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला याचं काय? हिशोब मांडतो. रोज 4 किलो, वर्षाला दोनशे दिवस शाळा, म्हणजे 800 किलो. पाला धरून शेवटी हातात येणार साधारण 200 किलो. एकरी 5 टन धरलं तर दीड-दोन गुंठ्याचं खत. एवढ्यानं ना आपलं रान भागतं, ना मुंबईचा कचरा कमी होतो. देवनारला 1927 पासून कचरा पडतोय. जानेवारी 2016 मध्ये तिथं आग लागली आणि धुरामुळं आजूबाजूच्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली, हे आठवत असेल. त्याच वर्षी घनकचऱ्याचे नवे नियम आले. पालिकेनं 2 ऑक्टोबर 2017 पासून 20 हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा रोज 100 किलोच्या वर कचरा होणाऱ्या जागांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आपली शाळा त्यात बसत नाही. म्हणजे तिच्यावर सक्ती नाही.

तरी मी म्हणतो करा, आणि ते आपल्या स्वार्थासाठी. सरकारनं शहरी कंपोस्टला टनाला 1500 रुपये मदत जाहीर केली होती, राज्यानं ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असं नावही दिलं. मी एकदा एक ट्रॉली शहरी खत घेतलं होतं, कुणाचं ते सांगत नाही. वाफे करताना काच निघाली, बाटल्यांची बुचं निघाली, बायकोच्या तळपायाला तीन टाके पडले. त्यानंतर शहरी खत नको म्हणून बसलो. माझ्या रानाचा सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तसाच असेल. आपल्या रानातली भाजी दादरला जाते आणि तिचे देठ देवनारला जातात, आणि आपण युरियाच्या रांगेत. हा माल परत यायचा असेल तर तो स्वच्छ आला पाहिजे. काच कारखान्यातल्या चाळणीनं पूर्ण निघत नाही, ती घरातल्या डब्यातच वेगळी पडावी लागते. वेंगुर्ल्यानं घरातच वर्गवारी करून डंपिंगच्या जागेचं रूप पालटून दाखवलं आहे. सहावीतली पोरगी आज घरी आजीला सांगते, बुच यात टाकू नको. तो दीड गुंठा मला त्यासाठी पाहिजे.

तर कुठल्या शाळेनं बोलावलं तर ड्रम बघायच्या आधी चार गोष्टी विचारा. पाला कुठून येणार? रोज बघणार कोण आणि त्याला पैसे किती? सुट्टीत कोण? तयार खत जाणार कुठं? चारही उत्तरं आली तर हात लावा. नाही आली तर चहा घेऊन परत या.

तुमच्या गावच्या शाळेत कुणी केलं असेल तर लिहा, आणि फसलेलं आधी लिहा. कृषी सहायक मंडळींनी शिजलेल्या अन्नातल्या मिठावर काही उपाय असेल तर सांगावा, ती खिचडी अजून माझ्या डोक्यात आहे.

पुढची नोंद हळदीच्या बेण्याची. राम राम.